मुरुमांच्या खड्ड्यांवर लेझर: सहा सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: वय २६, पुण्यात नोकरी. हातात पगार ३८,०००, खर्च ३०,०००, बचत १,१०,०००. गालांवरच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर (त्वचेत बारीक छिद्रं पाडून ती नव्याने भरू देणारं) सुचवलंय. एक सिटिंग १४,०००, सहाचं पॅकेज ७२,०००, जीएसटी वेगळा. क्लिनिक १२ महिन्यांचा 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी, ईएमआय देतंय. घेऊ का?

उत्तर: लेझर जरूर करा, पॅकेज नको.

क्लिनिकने १८ टक्के जीएसटी लावला असं धरलं तर पॅकेज ८४,९६० ला पडतं. सुट्या पाच सिटिंगचे होतात ८२,६००. म्हणजे पाचवीनंतर थांबलात तरी पॅकेजच महाग. १४,१६० ची बचत फक्त सहावी झाली तरच. आणि या उपचारात मध्येच थांबावं लागणं नवलाचं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग उमटू शकतात, ते फिके होईपर्यंत पुढची सिटिंग लांबते. नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणावे लागतात. शिवाय खालून ओढले गेलेले पसरट खड्डे नुसत्या लेझरने फारसे वर येत नाहीत, त्यांना सबसिजन (खड्डा खाली ओढणारे तंतू सुईने तोडणं) लागतं. बारीक खोल खड्ड्यांना टीसीए क्रॉस (खड्ड्यात तीव्र आम्लाचा थेंब लावणं). त्यांचा खर्च या ७२,००० मध्ये धरलाय का, हे लेखी घ्या.

ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लिनिकला पैसे सुरुवातीलाच मिळतात. उद्या तुमची बदली झाली किंवा क्लिनिकला टाळं लागलं तरी हप्ता तुमच्याच मागे. ७,०८० चा हप्ता गेला की महिन्याला ९२० उरतील. प्रोसेसिंग फी वरून. एकरकमी भरले तर किती कमी कराल, हेही क्लिनिकला विचारा. ईएमआयमुळे ती सवलत बुडाली की तेच तुमचं व्याज.

बचतीतून एकरकमी भरलेत तर २५,०४० राहतात, महिन्याचा खर्चही भागणार नाही. आरोग्य विम्याची आशा नको, कॉस्मेटिक उपचार त्यात बसत नाहीत.

पहिल्या सिटिंगचे १६,५२० बचतीतून द्या. दुसरी आठ आठवड्यांनी. तोवर पगारातून साधारण १५,००० साठतील, वरचे दीड-दोन हजार बचतीतून. एरवी चार ते सहा आठवड्यांचं अंतर सांगतात, पण थोडं वाढल्याने सहसा बिघडत नाही. नवं कोलेजन (त्वचा भरून आणणारं प्रथिन) तयार व्हायला काही महिने लागतातच. सनस्क्रीनचा खर्च वेगळा धरा. तिसरीनंतर त्याच उजेडातले आधीचे-नंतरचे फोटो शेजारी ठेवून पुढचं ठरवा.

क्लिनिकला एवढंच विचारा: चौथीपासून पॅकेजचा १२,००० चा दर लावाल का?