ठिय्या उठला, सामान तिथंच राहिलं

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या वस्तीजवळची मोठी झाडं तोडू नये म्हणून डिसेंबरपासून ठिय्या सुरू होता. मागच्या आठवड्यात तोडीला तात्पुरती स्थगिती मिळाली आणि त्याच संध्याकाळी सगळे खुशीत घरी गेले. आता मैदानात पाहा तर काय नाही, ताडपत्र्या, सतरंज्या, ब्लँकेटं, चपला, स्टीलचे डबे, फ्लेक्स, पोट्ट्यांनी रंगवलेले पुठ्ठे, दोन पॉवर बँक, एक लेडीज सायकल. मनपाचा जमादार म्हणतो दोन दिवसांत उचला नाहीतर गाडी लावून भांडेवाडीच्या कचरा डेपोत टाकतो. ग्रुपवर कोणी म्हणतं कबाड्याला देऊन पैसे केससाठी ठेवा, कोणी म्हणतं गरिबांना वाटून टाका. मी जवळ राहते म्हणून सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, आधी तुमच्या आंदोलनाचं मनापासून अभिनंदन. अजनी वनातली झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले तेव्हापासून या शहराला झाडांसाठी बसायची सवय लागली आहे, ती टिकली पाहिजे.

आता काम. आजच मनपाच्या झोन ऑफिसात दोन ओळींचा अर्ज द्या, की हे सामान बेवारस नाही, मालक शोधणं चालू आहे, अमुक तारखेपर्यंत आम्ही स्वतः जागा मोकळी करून देतो. आठ दिवस मागा, पोच घ्या, आणि अर्जावर सही समितीच्या चार-पाच जणांची असू द्या, तुमच्या एकटीची नको. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की १०० पेक्षा जास्त माणसं जमवायची तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगवेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकांची. म्हणजे बोलावलं ज्यांनी, उचलायचं त्यांनी. जवळ राहणं हा काही तुमचा गुन्हा नाही, हे ग्रुपवर स्पष्ट लिहा आणि एक रविवार ठरवून सगळ्यांना बोलवा.

कबाड्याला लगेच द्यायचं म्हणणाऱ्यांना मात्र थांबवा. हेतू चांगला असला तरी ते सामान आपलं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ म्हणतं, सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्यानं ती ठेव सांभाळल्यासारखी सांभाळायची. आणि मालक शोधायचा प्रयत्नच न करता ती वापरली किंवा विकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अंगावर येऊ शकतं. घाबरवायला सांगत नाही, पण झाडांची केस कोर्टात असताना समोरच्याला असलं कोलीत कशाला द्यायचं.

त्यातही बरंचसं सामान कोणी टाकून गेलेलंच नाही. सतरंज्या उलट्या करून पाहा, कोपऱ्यात ऑइल पेंटनं अक्षरं असतील, ती बिछायत केंद्रवाल्याची, म्हणजे मंडप-सतरंज्या भाड्यानं देणाऱ्याची खूण. मोठी पातेली, जाड ताडपत्री, बल्ल्या हे पण बहुतेक त्याचंच. त्याचं भाडं अजून चढत असेल आणि सामान हरवलं तर पैसे त्याच्या हमालांच्या पगारातून कापले जातात, म्हणून सगळ्यात आधी त्याला फोन.

स्टीलच्या डब्यांचं एक सांगते. त्यावर कोरलेलं नाव वाचून लोक त्या नावाचा माणूस शोधत बसतात, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव असतं देणाऱ्याचं. "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट", खाली तारीख आणि मामा-मामींचं नाव. म्हणून ग्रुपवर असं विचारा की या आडनावाच्या नातेवाईकांनी कोणाकडे या साली वास्तुशांतीला डबा दिला होता, उत्तर लवकर येतं. आणि डबा परत देताना रिकामा देऊ नये हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, चिमूटभर साखर तरी घाला!

बाकी सामानाचे फोटो काढा पण ओळखीची एखादी खूण मुद्दाम सांगू नका. सायकलचा फोटो टाका, बेल कोणत्या रंगाची आहे ते विचारा. मैदानावर एक पाटी लावा, आंदोलनाला सगळेच काही व्हॉट्सॲपवाले नव्हते, बाजूच्या वस्तीतल्या बाया रोज येऊन बसायच्या त्यांनी ब्लँकेट मागायचं कुठं?

मुदत संपल्यावर जे उरेल ते वाटा. ब्लँकेटं धुऊन, उन्हात कडक वाळवून मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत न्या. बाहेरगावच्या पेशंटचे नातेवाईक आवारात रात्र काढतात, जानेवारीतली नागपूरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. फाटकी चादर दान म्हणून देऊ नका, तिचं पोछा करा. फ्लेक्स जाळायचा नाही म्हणजे नाही, पीव्हीसीचा विषारी धूर निघतो. धड असेल तर झोपडीवर पावसाळ्यात कामी येतो, छापील बाजू आत करून द्या. पॉवर बँक कचऱ्यात टाकू नका, विशेषतः फुगलेली, दाबली गेली की पेट घेते आणि भांडेवाडीला उन्हाळ्यात आगी लागतातच. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि जायच्या आधी झाडांकडे पाहा. बॅनर बांधलेल्या नायलॉन दोऱ्या सोडा, खोड जाड होतं, दोरी होत नाही, मग ती सालीत रुतते. खिळे ठोकले असतील तर पक्कडनं सरळ ओढून काढा. ज्यांच्यासाठी बसलो त्यांनाच फास राहून गेला तर फार वाईट वाटेल.

प्रश्न: त्याच ठिय्यावर आम्हाला हजेरीची तीन रजिस्टरं सापडली, नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सह्या सगळं आहे. शिवाय एका पिशवीत मोबाइल आणि आधार कार्ड. आधारचा फोटो ग्रुपवर टाकला तर मालक लवकर मिळेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर: टाकू नको रे बाबा. तू चांगल्या मनानं टाकशील, पण तो फोटो दहा ग्रुप फिरून कुठं जाईल ते कोणाच्या हातात राहत नाही. आंदोलनात कोण बसलं होतं हे कोणाच्या ऑफिसात, कोणाच्या सासरी माहीत नसतं. नुसतं "एक पिशवी सापडली, रंग सांगून न्या" एवढंच लिही. मोबाइल वाजला तर उचल. दोन-तीन दिवसांत कोणी आलं नाही तर मोबाइल आणि आधार जवळच्या ठाण्यात दे आणि लेखी पोच घे. हरवल्याची तक्रार झाली असेल तर पोलीस सीईआयआर या हरवलेल्या मोबाइलच्या सरकारी पोर्टलवरून तो फोन ट्रेस करतात, मग तो तुझ्या घरी सापडायला नको.

रजिस्टरं सरळ समितीकडे, हातात. सह्यांचं निवेदन केसमध्ये लावलेलं असेल तर वकिलांना मूळ प्रत लागू शकते, विचारल्याशिवाय एकही पान फाडू नका. वकिलांनी नको म्हटलेली पानं रद्दीत मात्र देऊ नका, उद्या त्याच पानावर कोणाला तरी भजी बांधून मिळतील, फोन नंबरसकट. बारीक फाडून बादलीत भिजवायची, लगदा झाला की संपलं.

प्रश्न: आमच्या मैदानावरच्या पसाऱ्याचा व्हिडिओ कोणीतरी फिरवतोय, "हे म्हणे पर्यावरणवाले". फार मनाला लागलं. उत्तर द्यावं का?
— एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर: काका, लागणारच. अमेरिकेत नॉर्थ डकोटात स्टँडिंग रॉकच्या सू या आदिवासी जमातीच्या लोकांनी तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध २०१६ मध्ये हजारोंची छावणी उभी केली. हिवाळ्यात वादळ आलं, बरेच जण निघून गेले, तंबू आणि सामान बर्फाखाली गाडलं गेलं. छावणी पूररेषेत होती, बर्फ वितळला की सगळं नदीत जाणार, आणि भांडण तर त्याच पाण्यासाठी होतं. तिथंही असेच आरोप झाले. सू जमातीच्या लोकांनी स्वतः २०१७ च्या सुरुवातीला साफसफाई हाती घेतली.

आपल्याकडे अवकाळी पावसाची एक सर आली तरी मैदानातलं प्लास्टिक नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, तिथून कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दपर्यंत जातं. म्हणून व्हिडिओ खोटा आहे म्हणून वाद घालू नका, पसारा होता हे खरंच आहे. रविवारी सगळ्यांसोबत मैदानात जा, साफ झाल्यावर त्याच कोपऱ्यातून, त्याच अँगलनं फोटो काढा आणि तारीख टाकून त्याच ग्रुपवर टाका. खाली दोन वाक्यं पुरे, सामान मालकांना परत केलं, उरलेलं कुठं दिलं. झोनवाल्यांनी गाडी पाठवली असेल तर त्यांचे आणि ऐवजदारांचे, म्हणजे बदली सफाई कामगारांचे आभार पण त्यातच माना, त्या लोकांनी भर थंडीत सकाळी सहाला येऊन काम केलेलं असतं.