थेरपिस्टच्या नावापुढची अक्षरं
औषधं लागतील असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, तो वैद्यकीय डॉक्टर असतो. मानसशास्त्रीय चाचण्या, थेरपी यांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नुसत्या ‘डॉ.’वर हुरळू नका, पीएचडी इतिहासातलीही असू शकते! पदवी म्हणजे शिक्षण, परवाना म्हणजे काम करायची कायदेशीर मुभा; सर्टिफिकेट मात्र दोन दिवसांच्या कार्यशाळेचंही मिळतं. म्हणून नोंदणी क्रमांक बेधडक मागा आणि परवाना देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः तपासा: मुदत संपलीय का, कारवाईची नोंद आहे का. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर नावाने शोधून कदाचित सापडणार नाही, क्रमांकाने शोधा. सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, काम करणारा नवखा चालेल, फक्त सुपरवायझर कोण ते विचारा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरा थेरपिस्ट बघा.