इंग्रजीच्या भीतीने चाकणचा इंटरव्ह्यू सोडू नकोस

तू लिहिलंयस की आयटीआय इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष चालू आहे, प्रॅक्टिकलला हात चांगला चालतो, पण चाकणला अप्रेंटिसशिपचा इंटरव्ह्यू आहे आणि तिथे सगळं इंग्रजीत विचारतात असं मित्र म्हणाले म्हणून जाऊच नये असं वाटतंय. अरे बाळा, जा. नक्की जा.

फेज, न्यूट्रल, अर्थिंग, एमसीबी, ओव्हरलोड, ट्रिप हे सगळं तू रोज बोलतोसच की. अडतंय ते सलग वाक्य बोलायला. त्यासाठी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला लगेच पैसे घालू नकोस, वर्कशॉपमध्ये मीटर हातात घेतलास की जे करतोयस तेच मोठ्याने इंग्रजीत बोलत जा. व्होल्टेज मोजताना 'कनेक्ट इन पॅरलल', करंट मोजताना 'कनेक्ट इन सिरीज'. क्लॅम्प मीटर, म्हणजे आपला टाँग टेस्टर, फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकदम लावला तर काय दाखवेल असं विचारलं तर? झीरोच्या आसपास, कारण जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना कॅन्सल करतात, म्हणून 'क्लॅम्प ओन्ली वन कंडक्टर' एवढं नीट म्हणालास तरी समोरच्याला कळतं की पोराने काम केलंय. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं, पण तसंच, 230 व्होल्टच्या वायरिंगला 500 व्होल्टचा मेगर, रीडिंग मेगाओहममध्ये, आणि 'स्विच ऑफ द सप्लाय फर्स्ट'.

सेफ्टीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कंपनीत सुपरवायझर तामिळनाडूचा असेल, हेल्पर बिहारचा, सगळ्यांना समजणारे शब्द म्हणजे आयसोलेट, लॉकआऊट, टॅगआऊट, वर्क परमिट, लाइव्ह, डेड. कोणी विचारलं 'इज द लाइन डेड?' आणि तू न कळता लाजेखातर 'येस सर' म्हणालास तर 415 व्होल्टच्या पॅनलवर माणूस जाऊ शकतो रे. कळलं नाही तर सरळ 'प्लीज रिपीट, सर' म्हणायचं, दहा वेळा म्हणावं लागलं तरी म्हणायचं, अंदाजाने मान हलवायची नाही.

आणि लॉकआऊट-टॅगआऊटचा हा क्रम पाठ नको करूस, हाताने कर. ब्रेकर ऑफ, त्यावर स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, टॅग लावायचा. मग टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग आपल्या लाइनवर, मग परत चालू पॉइंटवर, कारण टेस्टरच बिघडला असेल तर चालू लाइनसुद्धा डेड वाटते. इंटरव्ह्यूत सेफ्टीवर प्रश्न आला की हेच सांग, मोडक्या इंग्रजीत सांग, मधे मराठी-हिंदी आली तरी थांबू नकोस.

भारतस्किल्स या सरकारी साइटवर इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या क्वेश्चन बँका फुकट आहेत, त्यातले मीटर आणि सेफ्टीचे प्रश्न या आठवड्यात मित्राला समोर बसवून तोंडी सोडव.