बार्सिलोनात चार दिवस आहे, स्केटबोर्ड घेऊन कुठे जावं?

आधी माक्बा, म्हणजे समकालीन कला संग्रहालयासमोरचा चौक. उनिवर्सितात मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. फरशी गुळगुळीत, कट्टे लांब. संध्याकाळी तिथे खूप गर्दी होते, तेव्हा सकाळीच गाठा. चौकात स्केटिंग केलं तर पोलीस दंड करू शकतात. दिसले की बोर्ड काखेत.

निवांत सराव करायचा तर समुद्राकाठचं मार बेला स्केटपार्क, तिथे ती धास्ती नाही.

99ए-101ए कडकपणाची, म्हणजे कडक चाकं चौकात झकास, पण खडबडीत रस्त्यावर दात वाजतात. लांब फिरायला 78एच्या मऊ चाकांचा जादा सेट ठेवा. किनाऱ्यावरची वाळू बेअरिंगमध्ये शिरली की चाक कुरकुरतं. वरून तेल ओतलंत तर ती आणखी चिकटते! बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग एकेक थेंब तेल.