कुत्रा बाहेरच झोपतो, त्याची सोय कशी करावी?

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा अल्सेशियन घरात झोपतच नाही. आत घेऊन कडी घातली की दार खरवडतो. पाऊस झोडपत असला तरी अंगणातच पडून राहतो. काय करावं?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : आत झोपवायचा हट्ट सोडा. या जातीला केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि खाली लोकरीसारखा दाट. बंद खोलीत त्याला उकडतं. थंडी त्याला सोसते, ओल सोसत नाही. खालचा थर भिजला की ऊब जाते आणि कातडीवर चट्टे उठतात.

मात्र आधी बिबट्याचा विचार करा. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा जंगलाला लागून आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. रात्री उघड्या अंगणात साखळीला बांधणं सगळ्यात वाईट, कारण त्याला पळताही येत नाही. सोप्याला किंवा पडवीला खालपासून छपरापर्यंत जाळी मारा, दाराला कडी लावा आणि त्याचं खोपटं आत ठेवा. वारा, वास, फाटकावरची नजर हे सगळं त्याला तिथूनही मिळतं.

खोपट्याचं माप कुत्र्यावरून घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजून त्यात चौथा हिस्सा मिळवा. अल्सेशियनला साधारण चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन फूट उंच पुरतं. हौसेनं मोठं केलं तर ते त्याच्या अंगाच्या उबेनं तापत नाही. तळ जमिनीला टेकवू नका. चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे किंवा दोन-दोन विटा ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो. दार मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवा. आतल्या कोपऱ्यात त्याला झोत लागत नाही. उंबरा चार बोटं उंच हवा. छपराला मागे उतार द्या आणि दारावर वीतभर वळचण काढा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला. हिवाळ्यात वारा उलट फिरला की दाराला गोणपाटाचा पडदा उभा चिरून लावा. छपराखाली दोन बोटांची फट मोकळी सोडाच, नाहीतर श्वासाची वाफ आतच थिजून अंथरूण ओलं होतं.

अंथरुणात बहुतेकजण चुकतात. गोधडी पाणी पिऊन बसते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. पावसाळ्यात नायलॉनच्या पट्टीची बुटकी बाज द्या, काहीही अंथरू नका. सुगी झाली की भाताचं पिंजर वीतभर जाडीचं घाला, ते होळीपर्यंत चालतं. आठवड्यातून एकदा हात तळापर्यंत खुपसून बघा. तळवा दमट लागला किंवा बुरशीचा वास आला तर सगळं बदला. उसाचं पाचट घालू नका. पात्याची कड करवतीसारखी असते, डोळ्याला इजा होते.

खोपटं तो आता जिथे झोपतो त्याच्या जवळात जवळ ठेवा. पहिले काही दिवस पडदा नको, जेवण आतच द्या, ढकलून कोंबू नका. उरलेलं अन्न मात्र रात्री उचला, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा रोगही पसरतो, तेव्हा रेबीजबरोबर त्याचीही लस वेळेवर द्या.

प्रश्न : आमची दहा वर्षांची कुत्री कायम घरात झोपायची. हल्ली परड्यात लाकडांच्या मागे जाऊन पडते. अंगावर गोचीड आहेत. तंबाखूची भुकटी चोळा म्हणतात, चोळू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चोळू नका. निपाणीत भुकटी हाताशी असते म्हणून हा उपाय चालत आलाय, पण निकोटिन कातडीतून भिनतं आणि चाटण्यातून पोटात जातं. लाळ गळणं, उलटी, थरथर आणि पुढे झटके येतात. आधीच लावली असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन डॉक्टरांकडे न्या. रॉकेलही नको, त्यानं कातडी भाजते.

म्हातारं जनावर एकाएकी आडोसा शोधू लागलं तर ती आवड समजू नका. ताप किंवा सांधेदुखी असू शकते. कधी गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणूनही ती घरात थांबत नसेल. रबरी चटई टाकून बघा. पण गोचीड आहेत म्हणजे पहिला संशय गोचीडतापाचा. ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबीऐवजी फिकट दिसतात का. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर दिसला, खाणं कमी झालं किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

गोचीड मारायची गोळी डॉक्टर वजन बघून देतात. पण एकट्या कुत्रीवर उपचार करून भागत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. लाकडांचा ढीग हलवा, फटी सिमेंटनं बुजवा, जुनं अंथरूण जाळा. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका.

प्रश्न : पत्र्याचं खोपटं केलंय, पण उन्हाळ्यात कुत्रा आत जातच नाही.
– एक वाचक, अथणी

उत्तर : त्याचं बरोबर आहे, दुपारी ती भट्टी होते. खोपटं कडुनिंबाखाली हलवा आणि पत्र्यावर कडब्याचा जाड थर बांधा. सावलीत तो माती उकरत असेल तर उकरू द्या, खालची माती गार असते. संध्याकाळी तिथे पाणी शिंपडा. ओलं पोतं त्याच्या अंगावर टाकू नका, खाली उष्णता कोंडते. ते पोटाखाली अंथरा. पाणी रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात, दोन ठिकाणी ठेवा. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर उष्माघात समजा. अंगावर गार पाणी ओतत वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.