अरक, राकी, अर्खी, हुर्राक: ही सगळी एकच दारू का?

प्रश्न असा आहे: लेबनॉनचा अरक, तुर्कस्तानची राकी, मंगोलियाची अर्खी आणि गोव्याची हुर्राक ही नावं एकसारखी कशी, आणि त्यांचं मूळ आपल्या संस्कृत 'अर्क' शब्दात आहे का?

नाव एका घराण्यातलं आहे, दारू मात्र एक नाही. आणि मूळ संस्कृत नाही, अरबी आहे.

अरबीत 'अरक' म्हणजे घाम. दारूला हे नाव का पडलं ते गाळण्याची जुनी पद्धत बघितली की कळतं. मंगोलियात घरोघरी ती अजून टिकून आहे. चुलीवरच्या कढईत आंबवलेलं दूध तापत असतं, कढईवर बिनबुडाचं उंच पिंप ठेवतात आणि पिंपाच्या तोंडावर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाऊन त्या गार बुडाला लागते, बुडाला बारीक थेंब फुटतात, ते ओघळून एकत्र होतात आणि आत टांगलेल्या भांड्यात टपकतात. भांड्याला घाम फुटला, असंच कोणीही म्हणेल.

म्हणजे हे नाव कच्च्या मालाचं नाही, कृतीचं आहे. म्हणूनच ते इतकं लांब गेलं. गाळायची विद्या जिथे पोचली तिथे नावही पोचलं आणि हाताशी जे होतं त्याला चिकटलं. लेबनॉन-सीरियात द्राक्षं आणि बडीशेपेच्या जातीचं अनिस. तुर्कीत सुरुवातीचा 'अ' गळून राकी झाली, पण अनिस राहिलं, त्यामुळे दोन्हींत पाणी घातलं की ग्लास दुधासारखा पांढरा होतो (अनिसमधलं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही). तुर्क तिला 'सिंहाचं दूध' म्हणतात. तेच नाव ऑटोमन काळात बाल्कनमध्ये गेलं, तर तिथल्या राकियात आलुबुखार किंवा जर्दाळू आले आणि अनिस बहुतेक ठिकाणी गायबच. बेलग्रेडला जाऊन इस्तंबूलची चव शोधू नका.

पूर्वेकडची वाट मला जास्त रंजक वाटते, कारण तिथे हे नाव मंगोलांनी फिरवलं. मंगोल दरबारातल्या हू सिहुई नावाच्या आहारतज्ज्ञाने १३३० साली चिनी भाषेत जो ग्रंथ लिहिला, त्यात 'आलाजी' नावाची दारू येते. हा आपला अरकच, चिनी उच्चारात बसवलेला. कोरियातही ही विद्या मंगोलांबरोबरच गेली आणि केसोंगच्या बाजूला सोजूला, म्हणजे कोरियाच्या गाळीव दारूला, 'अराक-जू' म्हणत.

समुद्रमार्गे हाच शब्द श्रीलंकेत नारळाच्या माडीपासून गाळलेल्या दारूला मिळाला. तिथे माडी काढणारे एका माडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर दोर बांधून चालत जातात. जावात तो उसाच्या मळीच्या दारूला लागला, तीत आंबवण्यासाठी लाल तांदूळ घालत. डचांच्या काळात ही बटाव्हियाची (आजच्या जाकार्ताची) अराक युरोपात इतकी खपली की स्वीडिश लोकांची 'पुन्श' नावाची गोड दारू आजही तिच्यापासून बनते. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची ती हुर्राक, आणि पुन्हा गाळली की फेणी. दक्षिण भारतात 'अरॅक' हे सरकारी कागदांतलं नाव. आंध्रातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आंदोलन केलं ते याच दारूविरुद्ध.

आता संस्कृतचं. संस्कृतात 'अर्क' आहेच, पण त्याचा अर्थ सूर्य, नाहीतर रुई, जिची पानं आपण मारुतीला वाहतो. गुलाबाचा अर्क, ओव्याचा अर्क यातला अर्क हा फारसीतून आलेला अरबी 'अरक'. अरबीतला सुरुवातीचा घशातून येणारा वर्ण आपल्याकडे नाही, मधला 'र' जोडाक्षरात गेला आणि एकमेकांशी नातं नसलेले दोन शब्द एकसारखे दिसायला लागले. आणि एखाद्या बेरक्या माणसाला आपण 'मोठा अर्क आहे' म्हणतो, तोही गाळीव अर्कच, सूर्याचा संबंध नाही.

उलट गंमत मंगोलियात झाली आहे. तिथे आता नुसतं 'अर्खी' म्हटलं की दुकानातली व्होडका पुढे येते. दुधाची हवी असेल तर 'शिमीन अर्खी' असं फोड करून मागावं लागतं.