साडेचार वर्षांचा झाला, तरी ‘अ’ काढत नाही!

खुर्चीत नीट बसायच्या आधीच आईंनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पानभर ‘अ’ गिरवायचा होता. वर दोन अर्धवट ‘अ’, खाली पेन्सिल दाबून दाबून फाटलेला कागद.

“मॅडम, वर्गातली मुलं ‘ज्ञ’पर्यंत लिहितात. हा वही बघितली की रडतो. काही कमी आहे का हो याच्यात?”

बालवर्गातल्या मुलांचे पालक मला सर्वांत जास्त वेळा हेच विचारतात.

चिरंजीव तोवर पुस्तकांच्या फळीपाशी पोचले होते. मी मुद्दाम एक पुस्तक उलटं धरून त्याला दिलं. त्यानं ते सुलटं केलं, पहिलं पान काढलं आणि अक्षरांखालून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत स्वतःचीच गोष्ट ‘वाचू’ लागला. मग विचारलं, “मासा, मांजर, पतंग. यातला कुठला शब्द वेगळा सुरू होतो?” “पतंग!” एवढं साधं काय विचारतेस, असा चेहरा.

वाचनाची सुरुवात झालीच होती की! मजकूर कुठून कुठे जातो, शब्द आवाजांचे बनतात, हे त्याला कळलं होतं. हात मागून येतो. पेन्सिलीवरची पकड पुष्कळ मुलांची पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बसत नाही.

ऐकू नीट येतं ना, परक्या माणसाला बोलणं कळतं ना, हे मात्र मी आधी बघून घेतलं. तिथे शंका असती, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत थांबले नसते; कानांची तपासणी करायला पाठवलं असतं.

मग वर्गाच्या बाईंना भेटले. त्यांचीही अडचण खरी होती. भरलेली वही दिसली नाही, की पालक विचारतात, “शिकवता काय?” तरी गिरवणं तूर्त थांबवायला त्या तयार झाल्या. हजेरीला मुलांनी आपापल्या नावाची पट्टी शोधून फळ्यावर लावायची. एकच गोष्ट चार-पाच दिवस वाचायची, मध्येच थांबून “आता काय होईल?” विचारायचं. आणि माझं सर्वांत लाडकं काम: मुलानं चित्र काढलं, की त्याबद्दल तो जे बोलेल ते बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत खाली लिहायचं आणि बोट ठेवून वाचून दाखवायचं. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्याही तेच राहतं, हे मुलाला त्यातून दिसतं. पहिल्याच आठवड्यात यानं बाईंना थांबवलं म्हणे: “मी ‘मोठ्ठा’ म्हणालो होतो, ते राहिलं.”

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आले. आमचं बोलणं चालू असताना त्यानं कागदावर गिरगोट्या काढल्या, मधे नावातला ‘र’, आरशात दिसावा तसा.

“काय लिहिलंस?”

“दार हळू लावा.” माझं दार फार आपटतं.

आईंनी खोडरबर उचललाच होता. “‘र’ उलटा आलाय.”

“आलाय खरा,” म्हणत मी चिकटपट्टी शोधायला उठले.